दिवेलागणीनंतरचा उद्योग

उजेड कमी होण्याचे जितके प्रकार मराठी भाषेला ठाऊक आहेत, तितके माझ्या कॅमेऱ्याला ठाऊक नाहीत. कातरवेळ निराळी, दिवेलागण निराळी. रात्रीच्या दुसऱ्या टोकाला झुंजुमुंजू होते, मग फटफटते, मग तांबडे फुटते. अंधार मिट्ट असतो, किर्र असतो, किंवा बिचारा नुसताच अंधूक असतो. हे शब्द मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आले आहे. कॅमेऱ्याला या शब्दवैभवाचे काही सोयरसुतक नाही. तो एकच विचारतो, उजेड किती? आणि उत्तर आकड्यांत मागतो.

तेव्हा चार वर्षांच्या खटपटीनंतर मी माझ्यापुरता एक लहानसा कोश तयार केला आहे. दिवेलागण, म्हणजे दुकानांतले दिवे लागलेले आणि आभाळात थोडी निळाई उरलेली : आयएसओ १६००, भिंग दोनपर्यंत उघडे, शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. एकाच खांबाच्या उजेडातला बोळ : आयएसओ ३२००, भिंग तेवढेच, शटर साठावा भाग. किर्र अंधार : कॅमेरा पिशवीत घालून घरी जावे.

आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक, एवढे समजले तरी पुरे. ती भूक वाढवावी तसे चित्र रवाळ होत जाते. तूप रवाळ असले की वाखाणायचे आणि चित्र रवाळ झाले की नाक मुरडायचे, हा न्याय मला कधी पटला नाही. चेहरा हलला तर चित्र गेले. कण दिसले तर काय बिघडले?

पण मुळात अंधारातच चित्रे काढायची कशाला, असे आमच्या स्टाफरूममध्ये अनेकांनी विचारून झाले आहे. याचे उत्तर अगदी घरगुती आहे. साडेसातला पहिला तास. दीड वाजता परत. मग स्वयंपाकघर, मुलीचा अभ्यास, पेपरांचे गठ्ठे. नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला दिवसाचा उजेड येतोच कुठे? मला मोकळा मिळतो तो पहाटेचा तास आणि रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास. छंद मी निवडला. त्याची वेळ संसाराने ठरवली.

पहिले धडे घरातच गिरवले. सासूबाई देवघराशी बसून समईच्या उजेडात कापसाच्या वाती वळतात. डोळ्यांना दिसत नाही म्हणून कुरकुरतात, पण वरचा दिवा लावू देत नाहीत. त्या हातांनी मला पुष्कळ शिकवले. कॅमेरा आपल्या बुद्धीने मोजमाप करतो तेव्हा त्याला काळे काही सोसत नाही. तो सगळ्याची सरासरी काढून करडे करू पाहतो. म्हणून देवघराचा काळोख त्याने भर दुपारसारखा करून दाखवला आणि समईची ज्योत पांढऱ्या ठिपक्यासारखी जाळून टाकली. त्याला सांगावे लागते की बाबा, एक पायरी खाली ये, काळोख काळाच राहू दे, ज्योत तेवढी सांभाळ. मग कोपरे बरगड्यांना टेकवायची, खांदा दाराच्या चौकटीला लावायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि लागोपाठ तीन वेळा बटण दाबायचे. पहिल्याला बोटाचा धक्का बसतो, तिसऱ्याला उतावीळपणा नडतो. मधले बहुधा स्थिर येते.

"अगं, वाती वळून झाल्या," सासूबाई म्हणायच्या. "अजून किती काढशील? का कापूस पिंजून परत वळू?"

फ्लॅश मी वापरत नाही. तो पेटला की ज्या उजेडासाठी आपण थांबलो तोच नाहीसा होतो. अर्थात काही वेळा इलाज नसतो. १९४६ साली आमच्याच पुण्यात, टाडीवाला रोडवरच्या निसर्गोपचार केंद्रात, मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चित्र घ्यायला गेली. खोली अंधारी. तिला तीन बल्बांची परवानगी मिळाली. दोन फुकट गेले, आणि चरखा, वाचणारे गांधीजी आणि खिडकीतला उजेड असे ते जगप्रसिद्ध चित्र तिसऱ्यावर आले. उलट, ३० जानेवारी १९४८ च्या रात्री दिल्लीत बिर्ला भवनाच्या फाटकाशी नेहरू गांधीजी गेल्याचे लोकांना सांगत असताना कार्तिए-ब्रेसाँने जे चित्र घेतले ते धूसर आहे. नेमकेपणाच्या परीक्षेत मी त्याला काठावरही पास करणार नाही. आणि तरी त्या रात्रीचे दुसरे कुठले चित्र मला आठवत नाही.

घरातून मी रस्त्यावर आले ती महात्मा फुले मंडईत. १८८६ ची ती दगडी इमारत. तिच्या उंच छपराखाली भर दुपारीसुद्धा उजेड जपूनच उतरतो. रात्री आठनंतर गिऱ्हाईक पांगते आणि विक्रेत्या बायका दिव्याखाली बसून पैसे मोजतात. हे मोजणे पाहण्यासारखे असते. नोटा सरळ करण्याची, चिल्लर वेगळी लावण्याची, मध्येच थांबून कुणाकडे तरी शून्य नजरेने पाहण्याची प्रत्येकीची रीत निराळी. मला ही नजर हवी होती, आणि तीही मी समोर आहे हे तिला न कळता.

इथेच खरी अडचण सुरू झाली.

न कळत चित्र घेण्याची परंपरा जुनी आहे. वॉकर इव्हान्सने १९३८ पासून दोन-तीन वर्षे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा दडवून, गुंड्यांच्या फटीतून भिंग बाहेर काढून समोरच्या उतारूंची चित्रे घेतली. तारेची कळ बाहीतून हातात. विशेष असे, की त्याने ती चित्रे पुस्तकरूपाने काढली १९६६ साली, पंचवीस वर्षांनी. अवघडलेपण त्यालाही वाटले असावे.

मला कोट नाही. साडीचा पदर आहे, पण पदराआडून चित्रे घेण्याचे धारिष्ट मला नाही. आणि अंधाराचे गणितच असे आहे की ते चोरी करू देत नाही. दुरून चित्र ओढून घेणारी लांब भिंगे सहसा फारशी उघडत नाहीत, आणि हात जरा हलला तर चित्र दहापट हलते. माझे भिंग लहान, १.८ पर्यंत उघडणारे, त्यामुळे चार-पाच पावलांवर जावेच लागते. तेवढ्या अंतरावर उभी असलेली चष्मेवाली बाई कुणाला दिसणार नाही?

म्हटले, निदान आवाज तरी होऊ नये. कॅमेऱ्याला बिनआवाजाचे शटर आहे. ते लावून मी पहिल्या रात्री शंभरेक चित्रे घेतली आणि घरी येऊन पाहते तो प्रत्येक चित्रावर आडवे काळे पट्टे, जणू साऱ्या मंडईवर कुणी सतरंजी अंथरली आहे! शोध घेता कळले की रस्त्यांवर आणि गाळ्यांवर पूर्वीच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी जे एलईडी आले, त्यांतले स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. बिनआवाजाचे शटर चित्र ओळीओळीने वाचते, म्हणून त्याला कळते. शटर शंभराव्या भागावर ठेवले तर पट्टे पुष्कळसे जातात, पण डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसासाठी त्याहून जलद शटर हवे. म्हणजे खट् असा आवाज करणारे जुने पडदेच वापरायचे. रात्री नऊला रिकाम्या होत चाललेल्या मंडईत तो आवाज किती मोठा वाटतो म्हणून सांगू!

"ओ बाई, फुटू काढला का काय?" पहिल्याच आवाजाला लिंबूमिरचीवाल्या मावशींनी मान वर केली.

"हो मावशी. दाखवू?"

त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "पैसं मोजताना काढू नगा. लोकं म्हंत्याल म्हातारीकडं लई पैसा हाय. एरवी काढा की." आणि पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज रात्री गेले. कधी लिंबे घेतली, कधी नुसतीच टेकले. हळूहळू माझ्या खट् आवाजाला कुणी मान वर करीनासे झाले. मंडईत इतके आवाज, त्यांत माझा एक. न दिसता चित्र घेणे मला जमले नाही. दिसून दिसून सवयीचे होणे जमले. आणि या दुसऱ्या प्रकारची चित्रे मला अधिक आवडतात. त्यांत माणसे बेसावध नसतात, निवांत असतात. हा फरक मोठा आहे.

मराठीत आपण छायाचित्र 'टिपतो' म्हणतो. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, आणि पदराने डोळे टिपतात. इंग्रजीत हेच काम बंदुकीच्या क्रियापदाने चालते. आपला शब्द मऊ आहे याचा मला भाषेची शिक्षिका म्हणून अभिमान वाटे. पण दाण्याला कुणी विचारले आहे, असा प्रश्न गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या पहाटे उभा राहिला.

खंडेनवमीला पहाटे साडेचारला मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फूलबाजारात गेले होते. दसरा आणि लक्ष्मीपूजन हे झेंडूचे दोन मोठे दिवस. टेंपोमागून टेंपो रिकामे होत होते. हमालांच्या डोक्यावर चुंबळी, अंगभर पिवळाधमक चुरा. एका गाळ्याच्या तोंडाशी एकच दिवा टांगलेला होता. पलीकडे काळोख, अलीकडे काळोख, मध्ये उजेडाची चौरंगाएवढी जागा. अशा जागी धावाधाव करायची नसते. फोकस त्या जागेवर लावून ठेवायचा आणि उभे राहायचे. रस्ता आपल्याकडे येतो. दहा-बारा माणसे येऊन गेली. मग एक जण आला. पाठीवर गोणी, मान पुढे काढलेली, गालावर पाकळ्या चिकटलेल्या, आणि उजेडात पाऊल पडताच त्याने डोळे वर केले. माझे बोट आधीच दाबले गेले होते. खट्, खट्, खट्.

"मॅडम, तुम्ही?"

तो माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला मुलगा होता. मागून दुसरा बाक. पहिल्या तासाला त्याचे डोळे लाल असत, आणि तरी कवितेवर बोलायला लागला की बाकीच्यांनी ऐकावे असे बोले. नाव अर्थातच लिहीत नाही.

त्याने गोणी उतरवली, तोंड पुसले. आम्ही चहा घेतला. कॅमेऱ्याच्या पाटीवर मी त्याला ते मधले चित्र दाखवले. सांगायला संकोच नाही, चार वर्षांत इतके नेमके चित्र माझ्या हातून उतरले नव्हते. काळोख काळा राहिला होता, झेंडू पेटला होता, आणि त्या वर उचललेल्या डोळ्यांत झोप, कष्ट, ओळख सारे एकदम होते.

"चांगला आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण छापू नका मॅडम. काम करतो त्याची लाज नाही. चोरी करत नाही मी. पण ह्याच्यात मी वाकलेला आहे. आई गावाकडं आहे. तिला मी सांगितलंय, गाळ्यावर हिशेब लिहितो म्हणून. तिनं मला असं वाकलेलं बघू नये."

"पुसून टाकू का?"

"नको. तुमच्याकडं राहू द्या." आणि मग हसून, "दुसरा एक काढा ना. नीट."

नीट म्हणजे काय ते मला पुढच्या पाच मिनिटांत कळले. त्याने नळावर केस ओले करून भांग पाडला, सदरा झटकला, शेजारच्या आडत्याच्या टेबलावरची हिशेबाची वही मागून घेतली, आणि तराजूशेजारी ताठ उभा राहिला, दंडाला वही लावून, श्वास रोखून, लग्नाच्या फोटोत उभे राहतात तसा. हालचाल नव्हती, तेव्हा साठावा भाग पुरला. आयएसओही खाली आणता आला. चित्र म्हणून त्यात काही नाही. मी त्याची आठ बाय दहाची प्रत करून दिली. ती त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाळीच्या सुट्टीत गावी नेली.

या अंकासाठी लेख लिहायचे ठरल्यावर मी त्याला पुन्हा विचारले. चित्र नाही छापत, पण त्या पहाटेबद्दल लिहिले तर चालेल का? त्याने विचार केला. आता तो एम.ए.ला आहे. त्याला अशा प्रश्नांवर विचार करायला आवडते.

"लिहिण्यात मी दिसतो का मॅडम?"

"तू मला दिसशील. वाचणाऱ्यांना कुणीतरी एक मुलगा दिसेल."

"मग लिहा," तो म्हणाला. "पण पाकळ्यांचं लिहा. त्या गालाला खरंच फार चिकटतात, आंघोळीनंतरसुद्धा कानामागं सापडतात."

संपादकांनी लेखासोबत माझे एखादे चांगले छायाचित्र मागितले होते. मी सासूबाईंचे समईपुढचे हात पाठवले आहेत. त्यांना विचारून.