पश्चिमेच्या भिंतीखालचा वाफा

सोलापूर, बार्शी, लातूर या पट्ट्यात नवे घर बांधताना हवा, उजेड आणि दुकानाची दर्शनी बाजू यांचा विचार कसोशीने होतो. बागेच्या वाट्याला मात्र बहुधा कोणालाच नको असलेली जागा येते. पश्चिमेच्या भिंतीला लागून दोन-तीन हातांची पट्टी, खाली बांधकामातून उरलेली खडी आणि समोर पत्र्याची शेड, असे तिचे रूप असते. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तिच्यावर सरळ ऊन पडते आणि सूर्य मावळल्यावरही तापलेली भिंत उशिरापर्यंत उष्णता परत करीत राहते. वैशाखात पारा चाळीस अंशांपुढे जातो तेव्हा अशा वाफ्यात काय लावावे, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. श्रावकाच्या घरात तो तेवढाच राहत नाही.

पृथ्वी, पाणी आणि वनस्पती यांतही जीव आहे, हे जैन घरातले मूल लहानपणीच शिकते. गृहस्थाला या एकेंद्रिय जीवांची हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही. स्वयंपाकाला पाणी लागते, पायाला खणावे लागते. परंतु ज्या हिंसेतून काहीच प्रयोजन साधत नाही ती टाळणे त्याच्या हाती असते, आणि त्यासाठीच बारा व्रतांत अनर्थदंडविरमणाची योजना आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांपैकी प्रमादचर्या या प्रकारात निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे आणि वनस्पती तोडणे यांचा समावेश होतो. जगणारच नाही असे झाड विकत आणावे, त्याच्यासाठी माती उकरावी, त्यावर महिनोन्महिने पाणी ओतावे आणि शेवटी ते उपटून टाकावे, या व्यवहारात हे तिन्ही दोष एकत्र येतात.

बार्शीतील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी हा विषय असाच एका वाफ्यावरून निघाला. घरची सून कोल्हापूरकडची. माहेरच्या अंगणातील गुलाब तिच्या डोळ्यांसमोर होते. दरवर्षी दिवाळीला माहेराहून येताना ती रोपे आणी. हिवाळाभर ती फुलत, रामनवमीपर्यंत पानांच्या कडा करपत आणि अक्षय्य तृतीयेला वाफ्यात काटक्या उरत. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन बादल्या, म्हणजे दिवसाला सुमारे साठ लिटर पाणी, त्या काटक्यांवर पडत असे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा या घरातही टँकरचे पाणी मोजूनमापून वापरले जात होते. त्या दिवसांत एकदा सासूबाई वाफ्यापाशी थांबल्या. पिण्याचे पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेले जीव मूळ पाण्यात परत सोडण्याची रीत त्यांनी आयुष्यभर पाळली होती.

"सूनबाई, थेंबाथेंबातला जीव जपायचा म्हणून आपण पाणी गाळतो आणि इथे चार बादल्या ओतूनही झाड जगत नाही. हा जमाखर्च कसा जुळायचा?"

सुनेच्या मनाला ते लागले. तो वाफा म्हणजे तिच्या माहेराचा एक तुकडा होता. "मग आई, जागा उजाडच ठेवायची का?" तिने विचारले.

"उजाड कशाला? ज्याला इथे आपल्या बळावर जगता येतं, ते लावू."

असे झाड शोधण्यासाठी रोपवाटिकेआधी गावाबाहेरची माळरानेच पाहावी लागतात. मुरमाड उतारावर, जिथे कोणी तांब्याभर पाणी घालीत नाही, तिथे तरवड पिवळ्याधमक फुलांनी भरलेला असतो. त्याची मुळे खोल जातात, पर्णिका बारीक असतात आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. तरवडाची साल पूर्वीपासून कातडे कमावण्यासाठी वापरली जाते. अंगणातल्या तरवडाच्या वाट्याला मात्र केवळ फुलणे येते, आणि त्याच्या फुलांवर काळे भुंगे गुंजारव करीत येतात. काटेरी कोरांटीही याच मातीतली असून ती फांदीपासून सहज रुजते आणि हिवाळ्यात फुलते.

परदेशांतून आलेली काही झाडेही इथे चांगली रुळली आहेत. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. तिच्या ज्या रंगांना आपण फुले समजतो ती खरे तर रंगीत पाने आहेत. खरे फूल त्यांच्या मधोमध लहानसे, पांढरट असते. मुरलेल्या बोगनवेलीला पाण्याचा थोडा ताण बसला की ती अधिक फुलते आणि जास्त पाणी मिळाले की नुसती पाने वाढवते. पांढरा चाफा कोरड्या दिवसांत पाने गाळून आपला खर्च कमी करतो आणि जाड फांद्यांतील साठ्यावर उन्हाळ्यात फुलतो. त्याची फांदी कापल्याबरोबर न लावता काही दिवस सावलीत सुकू द्यावी, म्हणजे ती कुजत नाही. मूळची मादागास्करची सदाफुली भिंतीच्या फटीतही उगवते. रक्ताच्या कर्करोगावरील व्हिंक्रिस्टीन हे औषध तिच्यापासूनच मिळते. वाफ्याच्या कडेला ऑफिस टाइम शोभतो. त्याची मांसल पाने पाणी साठवतात आणि फुले कडक उन्हातच उमलतात. कोरफड आपली रंध्रे रात्री उघडते, त्यामुळे दिवसाच्या उन्हात तिच्यातले पाणी फारसे उडत नाही. अनंतकायांच्या परंपरागत यादीत कोरफडीचे आणि थोराचे नाव येते, म्हणून अनेक श्रावक ती भक्षणासाठी वर्ज्य मानतात. शोभेसाठी लावताना, तिला हात न लावण्याचा नेम ज्यांना पाळता येईल त्यांनीच ती लावावी.

चिवटपणाच्या दृष्टीने या सर्वांत कण्हेरीचा क्रमांक वरचा लागेल. तिचे पान चामड्यासारखे जाड असते आणि रंध्रे पानाखालच्या लवदार खळग्यांत दडलेली असतात. तरीही सासूबाईंनी ती नाकारली. कण्हेरीचे पान, फूल, फांदी, सारेच विषारी असते. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर गेल्या आणि मोकाट गाईने त्या चघळल्या, तर तिचा जीव जाऊ शकतो. घरात रांगते मूल होते आणि फाटकाशी रोज गाय येत होती. ज्या झाडाला पाणी कमी लागते ते सर्वार्थाने निर्दोष असतेच असे नाही, हे त्या घराने वेळीच ओळखले. सदाफुलीही खाण्याजोगी नाही, म्हणून ती फाटकापासून दूर, आतल्या टोकाला लागली.

लावणीच्या वेळेचा प्रश्न अधिक नाजूक होता. रोप रुजण्यास पावसाळा उत्तम, परंतु जमिनीत जीवोत्पत्ती होते तीही पावसाळ्यातच, आणि चातुर्मासात खणणे-उपटणे टाळण्याकडे श्रावकाचा कल असतो. यावर जुन्या माळ्यांची पद्धत उपयोगी पडली. वैशाखातल्या कोरड्या जमिनीत, सावकाश पाहून, हात-दीड हात खोलीचे खड्डे खणले गेले आणि ते पंधरा-वीस दिवस उन्हात तापले. मग त्यांत काळी माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत भरण्यात आले. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे लागली, तेव्हा आषाढी चतुर्दशीला अवकाश होता. चातुर्मासभर कुदळ हाती धरावी लागली नाही.

काळ्या मातीत पाणी धरून राहते, म्हणून वाफा वीतभर उंच घेतला होता. कोरड्या जागेची झाडे उन्हापेक्षा श्रावणात मुळाशी साचलेल्या पाण्याने अधिक दगावतात. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा, पण मुळापर्यंत पोहोचेल असे पाणी दिले गेले. रोज शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटांतच राहते, मुळेही तिथेच घुटमळतात आणि वैशाखात प्रथम तीच भाजतात. वाळलेली पाने न जाळता बुंध्याभोवती पसरली, त्यामुळे ओल टिकली. पहिल्या उन्हाळ्यात एक कोरांटी गेली, बाकीची झाडे तगली. तिसऱ्या उन्हाळ्यात संपूर्ण वाफ्याला आठवड्याला चार बादल्या पुरू लागल्या. पूर्वी तेवढे पाणी एका दिवसात जात असे.

कोल्हापूरचा गुलाबही घराबाहेर गेला नाही. पूर्वेच्या ओट्यावर, जिथे दहा वाजता ऊन सरते, तिथे त्याची एक कुंडी आहे. स्वयंपाकघरात भाजी-तांदूळ धुतलेले पाणी तिला मिळते. सून नव्या रोपासाठी आता माहेराकडे पाहत नाही. फाल्गुनात माळावरून जाताना तरवडाच्या शेंगा वाळल्या का, ते पाहते. ज्यांच्या घराला अशी पश्चिमेची पट्टी असेल त्यांनी झाडे निवडण्यापूर्वी एक दिवस दुपारी दोन वाजता तिथे उभे राहावे आणि घरात रोज किती पाणी खरोखर शिल्लक राहते ते मोजावे. त्या मापात बसतील तेवढीच झाडे आणावीत.