पैनगंगेकाठचा ताप

माहूरगडावर रेणुकामातेचं दर्शन घेतलं, भराभर उतरलो आणि पैनगंगा ओलांडून फुलसावंगीची वाट धरली. या भागात मला ओढून आणलं होतं आल्फ्रेड लायलच्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरनं. बंजाऱ्यांविषयी त्यात लिहिलंय, की तांड्यावर ताप, संधिवात, हगवण आली की चेटकिणीचा शोध सुरू होई. रानात गुपचूप पंचायत बसे आणि एखाद्या म्हातारीचा गळा आवळला जाई.

मुक्कामाच्या लॉजवर खिडकीला जाळी नव्हती. रात्रभर डास मारत लायलशीच भांडत होतो. रोगराई हे कारण त्यानं अचूक हेरलं. पण दोष टाकला फिरस्तीवर आणि एका जमातीवर. मग युरोपचं काय? तिथं पक्की गावं होती, न्यायालयं होती, शिकलेले धर्मगुरू होते. तरी तीन शतकांत चाळीस-पन्नास हजार माणसं चेटकीण ठरवून मारली गेली, बहुतेक बायकाच. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारलं. तो काही रानातला तांडा नव्हता.

लायलनंतर सत्तावीस वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. डासानं आणलेल्या तापापायी किती जणींचे जीव गेले असतील! आणि २० ऑगस्टलाच, २०१३ साली, पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. अठरा वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर कुठे आला.

फुलसावंगीत चहाच्या टपरीवर दारात लिंबू, मिरच्या आणि काळा बिब्बा तारेत ओवून टांगला होता. बिब्बा नवा, तेलकट चमकणारा. कायद्याचा विषय काढला. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, पोलिसांत दक्षता अधिकारी आहे, असं मी सांगत होतो. टपरीवाल्या काकू दूध ढवळत ऐकत होत्या.

"पोरगं तापलं का आधी भगत, मंग दवाखाना," त्या म्हणाल्या. "मारनाऱ्याले तुमचा कायदा धरते, दादा. पन भगतानं जिचं नाव घेतलं, तिच्या हातचं पानी मंग कोन पेते?"

त्यांच्या मावशीचं नाव असंच कुणीतरी घेतलं होतं. मारहाण झाली नाही, तक्रारही नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, निंदणीला कुणी सोबत नेईना. मावशी माहेरी आल्या त्या कायमच्या. घर, दोन एकर रान दिरांकडे राहिलं.