तीन तारकांची वाट

निघताना आईने दोन जिन्नस माझ्या हवाली केले. एक बेसनाच्या लाडवांचा डबा आणि दुसरे एक बंद पाकीट. पाकिटावर धाकट्याचे नाव होते. ती म्हणाली, "लाडू नाही पोचले तरी चालेल, पत्र पोचलं पाहिजे. आणि उत्तर घेऊनच परत ये."

माझा धाकटा भाऊ अलास्कात, फेअरबँक्स या गावी असतो. त्याला तिथे जाऊन अकरा वर्षे झाली. तो दर रविवारी न चुकता फोन करतो. पण गेली दोनतीन वर्षे आईला नीट ऐकू येत नाही. यंत्र लावूनही फोनवरचे शब्द तिला फुटत नाहीत. "हो, हो, बरी आहे, जप," एवढे बोलून ती फोन ठेवते. तो काय म्हणाला ते तिला कळलेले नसते, आणि कळले नाही हे ती त्याला कळू देत नाही. मलाही तिने ताकीद देऊन ठेवली होती, की तिकडे उगाच काळजी नको. म्हणून ती पत्रे लिहायची. धाकट्याचे म्हणणे, "फोन करतो की मी दर रविवारी! पत्राला उत्तर कसलं?" या पेचात मराठीचा प्राध्यापक असलेला थोरला मुलगा मे महिन्याच्या सुटीत टपालवाला झाला.

फेअरबँक्सला पोचलो तेव्हा जून लागला होता. तिथे जूनमध्ये रात्र म्हणून काही नसतेच. बारा वाजता अंगणात बसून वर्तमानपत्र वाचावे इतका उजेड! झोप येईना. धाकटा दिवसभर कामावर. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यासारख्या माणसाने विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसावं." तिथे ध्रुवप्रदेशाच्या कागदपत्रांचा मोठा विभाग आहे. मी नकाशे मागितले, आणि त्यातून माझ्यापुढे आले ते टपालाच्या वाटांचे जुने नकाशे.

हे नकाशे आपल्या शाळेतल्या नकाशांसारखे नसतात. अमेरिकेच्या टपाल खात्याने एकोणिसाव्या शतकात स्वतःचे नकाशाकार नेमून ते करून घ्यायला सुरुवात केली. त्यात डोंगर नाहीत, रान नाही. टपाल कचेरीचे गाव असेल तर एक लहानसे वर्तुळ, दोन कचेऱ्यांना जोडणारी एक रेघ आणि रेघेशेजारी मैलांचा आकडा. टपाल आठवड्यातून किती वेळा जाते, हे रेघेच्या रंगावरून ओळखायचे. कचेऱ्या उघडत, बंद होत, वाटा बदलत; म्हणून हे नकाशे पुन्हा पुन्हा नव्याने काढावे लागत.

आपल्याला हे समजायला कठीण नाही. आपण पत्ता लिहिताना 'मु. पो.' लिहितो. माझ्या लहानपणी आमच्या गावाला नुसते 'मु.' होते, 'पो.' तीन मैलांवरच्या दुसऱ्या गावाला होते. त्या गावची पोरे त्याचा केवढा तोरा मिरवीत! सरकारने दखल घ्यावी असे गाव आणि नुसतेच माणसांनी राहावे असे गाव, यांतला फरक त्या दोन अक्षरांत असतो. अलास्काचा टपाल-नकाशा म्हणजे अशा 'पो.' मिळालेल्या गावांची यादी. आणि ती यादी अगदी लहान. साडेपाच महाराष्ट्र सहज मावतील एवढा मुलूख. अमेरिकेने तो 1867 साली रशियाकडून 72 लाख डॉलरांना विकत घेतला आणि त्याच वर्षी सिटका येथे पहिली टपाल कचेरी उघडली. पुढे सोने सापडेपर्यंत आतला बहुतेक भाग कोराच होता.

सोन्यामागून माणसे आली आणि माणसांमागून पत्रे. पण क्लोंडाइकचे सोने कॅनडाच्या हद्दीत. युकॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात हिवाळ्यात जायची सोयीची वाट स्कॅगवे बंदरातून डॉसनवरून, म्हणजे परमुलखातून जाई. आपले टपाल आपल्याच जमिनीवरून जावे, म्हणून 1899 साली कॅप्टन अ‍ॅबरक्रॉम्बीच्या हाताखाली लष्कराने व्हॅल्डीझ बंदरापासून युकॉनकाठच्या ईगलच्या दिशेने नवी वाट पाडायला घेतली. नकाशावर ती एक सरळशी रेघ आहे. तिच्याखाली हिमनद्या, खिंडी आणि दलदली आहेत. रेघ मात्र निर्विकार.

या ईगलची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1905 सालच्या डिसेंबरात एक नॉर्वेचा माणूस कुत्र्यांच्या गाडीबरोबर शेकडो मैल बर्फ तुडवत तिथे आला. वायव्य सागरी मार्ग जहाजाने पार करणारा हा अमुंडसेन. जहाज उत्तरेत बर्फात अडकलेले, आणि जगाला बातमी कळवायची तर तारघर ईगलला! तार गेली, जगात गाजावाजा झाला. पण हा गृहस्थ लगेच परतला नाही. तो टपालाची वाट पाहत ईगललाच राहिला आणि पत्रे घेऊन मगच आपल्या सोबत्यांकडे गेला. तारेने बातमी जाते, पण माणसाला हवे असते ते पत्र. हे वाचताना पिशवीतले आईचे पाकीट मला चांगलेच जड वाटू लागले. पोचल्या दिवशीच ते धाकट्याला दिले होते, पण "रविवारी निवांत वाचतो" म्हणून त्याने ते मलाच सांभाळायला सांगितले होते!

नकाशावरच्या या रेघा चालवीत कोण? सरकारी शिपाई नव्हेत. टपाल खाते वाटेचा ठेका देई, आणि सर्वांत कमी पैशांत काम करीन म्हणेल त्याला तो मिळे. 1845 च्या कायद्याप्रमाणे ठेकेदाराने तीन गोष्टींची हमी द्यायची: वेग, खात्री आणि सुरक्षितता. हे तीन लांबलचक शब्द दर ओळीत लिहून कारकून कंटाळले, आणि त्यांनी त्याऐवजी तीन तारका काढायला सुरुवात केली. तेव्हापासून या वाटांचे नावच 'स्टार रूट' पडले. कारकुनांचा कंटाळा जगभर सारखाच. पण त्यातून इतके काव्यमय नाव क्वचितच निघते.

ईगल ते सर्कल हा युकॉनकाठचा असाच एक टप्पा, सुमारे 160 मैलांचा. 1912 पासून तो एड बीडरमन या माणसाकडे होता. हा मूळचा बोहेमियाचा. युकॉनच्या काठी येऊन तिथल्याच आदिवासी समाजातल्या मुलीशी लग्न करून राहिला. उन्हाळ्यात नदीतून आगबोटी चालत, तेव्हा हा कुत्र्यांसाठी सामन मासे पकडून वाळवी. हिवाळ्यात नदी गोठली, की तीच त्याची सडक. कुत्री जुंपलेली बिनचाकी गाडी, तिच्यावर टपालाच्या थैल्या, आणि हा मागे. एका बाजूला सहाएक दिवस लागत. वाटेत दिवसाच्या मजलेवर लाकडी खाणावळी असत. तिथे टपालवाल्याला पहिले ताट आणि चुलीजवळचे अंथरूण. वाटेवर समोरून कोणीही आले तरी त्याने बाजूला व्हायचे. आपल्याकडे घुंगरांची काठी वाजवीत हलकारा आला, की लोक वाट देत, तसेच हे.

थंडी उणे 40 च्या खाली जाई. पण तिकडचे लोक सांगतात, थंडीपेक्षा भय पाण्याचे. गोठलेल्या नदीत खालचे पाणी दाबाने फटीतून वर येते आणि बर्फावर, भुसभुशीत हिमाखाली लपून राहते. पाऊल त्यात गेले, की ओले. आणि ओले पाऊल म्हणजे गोठलेले पाऊल. 1925 साली बीडरमनची पावले अशी थंडीने गेली. दोन्ही पावलांचा काही भाग कापावा लागला. पण रेघ तुटली नाही. त्याच्या मुलांनी ती चालवली.

मी पुन्हा नकाशाकडे पाहिले. ईगल, सर्कल, मधली रेघ, बाजूला आकडा. पावलांसाठी त्यावर कोणतीच खूण नव्हती.

त्याच 1925 सालची नोमची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. नोममध्ये घटसर्पाची साथ आली आणि नेनाना स्टेशनापासून 674 मैल प्रतिविष पोचवायचे होते. टपालाला त्या वाटेवर साधारण 25 दिवस लागत. 20 जणांनी टप्प्याटप्प्याने हातोहात ते साडेपाच दिवसांत नेले. न्यूयॉर्कच्या बागेत पुतळा झाला तो बाल्टो या कुत्र्याचा. पण ती वाट टपालाची होती, मुक्काम टपालाचे होते, आणि हाकणाऱ्यांत बिल शॅनन, एडगर कॅलंड यांसारखे टपालवाले होते. निम्म्याहून अधिक माणसे तिथल्या आदिवासींपैकी होती. पुष्कळशा टपालवाटा मुळात त्यांच्याच पूर्वजांच्या पायवाटा. वॉशिंग्टनच्या कचेरीत रेघ ओढली गेली, त्याच्या कितीतरी आधी ती जमिनीवर उमटलेली होती.

याच्या एक वर्ष आधी, 21 फेब्रुवारी 1924 रोजी, कार्ल बेन आयल्सन हा वैमानिक फेअरबँक्सहून टपाल घेऊन मॅकग्रॅथला उडाला. कुत्र्यांच्या गाडीला जिथे दोन-तीन आठवडे लागत, तिथे तो तीन तासांच्या आत पोचला. काही खेपांनंतर विमान आपटले आणि प्रयोग थांबला. पण निकाल लागलेला होता. 1938 साली ईगल-सर्कलचा ठेका बीडरमन कुटुंबाकडून एका वैमानिकाकडे गेला. त्याने कमी पैसे मागितले होते. शेवटच्या हिवाळ्यात ती वाट चालवली एडच्या मुलाने, चार्लीने. त्यांची गाडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात आहे. बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावर चेस्टर नूंगवूक हा कुत्र्यांच्या गाडीने टपाल नेणारा शेवटचा माणूस. तो 1963 साली निवृत्त झाला. आज तिथल्या बहुतेक दूरच्या खेड्यांना टपाल विमानानेच जाते, आणि त्याबद्दल कोणी हळहळू नये. पाय शाबूत राहिले, हे चांगलेच झाले.

शनिवारी मी धाकट्याला म्हटले, "मला सर्कलला ने." त्याला नवल वाटले. "दादा, तिथे काय आहे? लोक हिमनद्या बघायला जातात!" पण घेऊन गेला. फेअरबँक्सहून सर्कलही 160 मैलांच्या आसपासच. बराचसा रस्ता खडीचा, दोहोंकडे काटकुळी झाडे, आणि काच जरा खाली केली की डासांचे मोहोळ आत. आम्हाला मोटारीने साडेचार तास लागले.

सर्कल म्हणजे शंभराहून कमी वस्तीचे गाव. आपण आर्क्टिक वर्तुळावर आलो, असे समजून सोने शोधणाऱ्यांनी त्याला हे नाव दिले. वर्तुळ प्रत्यक्षात पन्नासएक मैल पुढे आहे. पण चूक तशीच नकाशावर बसली. रस्ता नदीपाशी येतो आणि संपतो. पुढे ईगलपर्यंत आजही सडक नाही. समोर गाळाने करडी झालेली युकॉन, समुद्राच्या खाडीसारखी रुंद. बीडरमनची वाट ती हीच. जूनमध्ये ती वाहत होती. वाटेचा मागमूस नव्हता.

तिथे एका ओंडक्यावर बसून मी धाकट्याला बीडरमनची हकीकत सांगितली आणि पाकीट त्याच्या हातात दिले. म्हटले, "आज माझी खेप पुरी कर."

त्याने वाचले. एकच पान होते. बराच वेळ तो नदीकडे पाहत राहिला. मग कागद माझ्यापुढे केला. आईने लिहिले होते, की रविवारी तुझा आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. तू काय बोलतोस ते एकदा लिहून पाठव.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारले.

"होतं."

"मी अकरा वर्षं फोन करतोय, दादा. आणि दोनतीन वर्षं नुसताच..." पुढे तो बोलला नाही.

त्या रात्री, म्हणजे रात्रीच्या उजेडात, तो लिहीत बसला. सकाळी एक जाड पाकीट माझ्या बॅगेत आले. दुसरे एक त्याने स्वतः नेऊन टपालात टाकले. मी म्हटले, "अरे, मी जातोच आहे ना?" तर म्हणाला, "तू एकदाच जाणार. ही वाट चालू राहायला हवी."

ते दुसरे पत्र मी परतल्यावर चौथ्या आठवड्यात आले. मी आईला ग्रंथालयातून आणलेली नकाशाची नक्कल दाखवली, वर्तुळ कोणते, रेघ कोणती, सारे समजावले. ईगलच्या टपालवाल्याची गोष्ट कागदावर लिहून दिली, कारण ऐकू येत नाही. चष्मा लावून तिने ती पुरती वाचली. मग बोट त्या रेघेवर ठेवून म्हणाली,

"पायांत काय घालत असे रे तो?"

मी लिहिले, "कातड्याचे मऊ जोडे, आत लोकरीचे मोजे."

"एवढंच?" ती म्हणाली, आणि धाकट्याचे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.