रंग देण्याआधी

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी अशा गावांतल्या जुन्या घरांत, माळ्यावर किंवा कोठ्यात, एखादी सळईच्या ब्रेकची लोखंडी सायकल अजूनही सापडते. ती उजेडात आली की घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो रंगाचा. घासून काढू, काळा कुळकुळीत रंग मारू, नव्या रिमा आणि नवी सीट बसवू, की झाली नव्यासारखी! हौस खरी असते, पण तिच्यापायी सायकलीचे जे नुकसान होते ते पुढे कशानेही भरून निघत नाही. जुन्या सायकलीचे मोल चकाकीत नसते. तिच्या अंगावर टिकून राहिलेल्या पुराव्यांत असते. म्हणून आधी तिची ओळख पटवावी, मग गंज थांबवावा, आणि बदल करायचाच तर उद्या मागे घेता येईल एवढाच करावा.

ओळख पटवणे वाटते तितके सरळ नाही, कारण नावावर भिस्त ठेवता येत नाही. हँडलखालच्या नळीवर बगळ्याचा बिल्ला आणि ‘रॅले’ हे नाव दिसले, की ती इंग्लंडहून आली असे आपण धरून चालतो. पण नॉटिंगहॅमच्या या कंपनीच्या सायकली स्वातंत्र्यानंतर आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातही बनत होत्या. हर्क्युलिस आणि फिलिप्स ही मूळची बर्मिंगहॅमची नावे मद्रासच्या टीआय सायकल्सने चालवली. मुंबईची ‘हिंद’ तर पुरती देशी. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे 1980 साली कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा बिल्ल्यावरची बारीक अक्षरे, सीटच्या नळीजवळ ठोकलेला क्रमांक, क्रँकच्या दातेरी चक्रातली नक्षी हे सगळे एकमेकांशी ताडून पाहावे लागते. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरचे हब असेल, तर त्यावर बहुधा सालाचे आकडे कोरलेले मिळतात. मात्र ते साल हबचे. चाक मध्येच बदललेले असेल, तर सायकलीचे साल वेगळे निघेल. एकाच खुणेवर निकाल देऊ नये, तीन-चार खुणांचे एकमत होऊ द्यावे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या सायकलीवर आणखी एक साक्षीदार भेटू शकतो, तो म्हणजे नगरपालिकेच्या सायकल कराचा बिल्ला. यवतमाळ 1950 पर्यंत मध्यप्रांत व वऱ्हाडात होते, मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. बिल्ल्यावर राज्याचे किंवा गावाचे नाव असेल, अगदी ‘यवतमाळ’चे जुने इंग्रजी स्पेलिंग असेल, तरी ती सायकल कोणत्या राजवटीत रस्त्यावर होती याचा अंदाज बांधता येतो. कारखान्याच्या कागदांत हे सापडणार नाही. घासकाम करताना नेमका हाच गंजका पत्रा भंगारात जातो.

सांभाळून दुरुस्ती म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. मडगार्डच्या आत चिकटून वाळलेली काळी माती आधी भिजवून मऊ करावी, मग लाकडी काडीने काढावी. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. रंगावरचा मळ साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने निघतो. थिनर लावू नये. मळाबरोबर हाताने ओढलेली सोनेरी रेघ आणि कंपनीची अक्षरेही जातात. बिल्ल्याच्या किंवा पट्टीच्या आडोशाला ऊन न लागलेला रंग दिसला, तर तोच मूळ रंग. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनिअमचा कागद पाण्यात बुडवून घासला की बराच उतरतो. क्रँकची कॉटर पिन हातोडीने ठोकली तर वाकते. आधी तेल पाजून काही दिवस थांबावे, मग दाबून काढावी. चामड्याची सीट तेलात भिजवली तर सैल पडून लोंबते, म्हणून हात अगदी हलका ठेवावा.

यावर पहिला आक्षेप असा, की सायकल चालवायची असेल तर जुने टायर आणि झिजलेले ब्रेक घेऊन रस्त्यावर कसे जायचे? जाऊच नये. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे हे झिजण्यासाठीच असतात, ते नवे घालावेत. काढलेला मूळ भाग मात्र पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवावा. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गावातल्या वेल्डरने जोडलेले कॅरिअर किंवा नंतर मारलेला हिरवा रंग मूळचा नाही, मग तो का जपायचा? कारण सायकल कारखान्यात एक दिवस होती आणि इथे अनेक वर्षे राबली. जड ओझ्यासाठी मजबूत केलेले कॅरिअर तिच्या धन्याचे काम सांगते, आणि हा पुरावा नॉटिंगहॅमच्या नोंदींइतकाच खरा आहे. नंतरच्या रंगाखाली मूळ रेघ शाबूत आहे का, हे एखाद्या झाकल्या कोपऱ्यात तपासावे. नसेल, तर तो रंग राहू द्यावा. तिसरे म्हणणे, ही पैसेवाल्यांची हौस. हिशेब उलटा आहे. पूर्ण रंगकाम आणि नवे सुटे भाग महाग पडतात. साबण, तेल आणि धीर प्रत्येकाला परवडतो.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल आहे. तिला इतिहास आहे हे कुणाला पटवावे लागत नाही. खेड्यातल्या शाळेत जाणाऱ्या मास्तरांच्या किंवा कापसाच्या हंगामात जिनिंगला जाणाऱ्या कामगाराच्या सायकलीलाही तेवढाच इतिहास आहे. तो कुणी लिहून ठेवला नाही, एवढाच फरक. म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी सायकलीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, क्रमांक वहीत उतरवावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कधी, कुठून आली हे विचारून तेही त्याच पानावर लिहावे. एवढे झाल्यावरही रंग द्यावासा वाटला, तर खुशाल द्यावा. पण बहुतेकांना तो नकोसा होईल, असा माझा विश्वास आहे.