शायोकाझाला जायचंय, पण शाळा उघडी असेल ना?



गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी, येरवड्यातल्या आमच्या विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि विमानाची तिकिटं सगळ्यांना दाखवली. आम्ही तिघं जुलैमध्ये हंगेरीला जाणार होतो. टाळ्या पडल्या. जयंतीपासून वस्तीनं त्यासाठी वर्गणी काढली होती. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी 500 रुपये दिले होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बाळा, तुम्ही जाल तेव्हा शाळा उघडी असंल ना?"

हंगेरीतल्या शाळा जूनच्या मध्यावर बंद होतात आणि 1 सप्टेंबरला उघडतात. हे मला माहीत नव्हतं. व्हिएन्नात कुठं उतरायचं, प्रागला कोणत्या पुलावर फोटो काढायचा, हे सगळं माझ्या वहीत होतं. ज्या शाळेसाठी निघालो होतो तिची सुट्टी तेवढी नव्हती.

तिकिटं रद्द केली. 21,000 रुपये बुडाले. "आधी तिकीट काढा, त्याशिवाय व्हिसाच मिळत नाही," असं एका एजंटनं सांगितलं होतं आणि मी ते तपासलं नव्हतं. व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचं नुसतं आरक्षण चालतं. पूर्ण पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. पुढच्या रविवारी मी हिशोब वाचून दाखवला. तेव्हा टाळ्या नव्हत्या. असायलाही नकोत.

ही शाळा कोणती, ते सांगतो. हंगेरीच्या ईशान्येला मिश्कोल्त्स शहराजवळ शायोकाझा नावाचं गाव आहे. तिथं रोमा समाजाची मोठी वस्ती आहे. देर्दाक तिबोर आणि ओर्शोश यानोश या दोघांनी बाबासाहेबांविषयी वाचलं, महाराष्ट्रात येऊन आपली चळवळ पाहिली आणि 2007 साली रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकर शाळा सुरू केली. तिथली पोरं एकमेकांना 'जय भीम' म्हणतात.

काही जण म्हणतात, रोमा मूळचे भारतातले, म्हणून ते आपले. त्यांच्या भाषेचं मूळ भारतात आहे हे खरं. पण माझं म्हणणं वेगळं आहे. नातं रक्ताचं नाही, वर्गातल्या बाकाचं आहे. हंगेरीत रोमा मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत टाकलं जात होतं. 2013 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं अशाच दोन तरुणांच्या खटल्यात हंगेरीला दोषी धरलं. वर्गाबाहेर बसवलेल्या भीमरावांची गोष्ट त्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही.

"एवढ्या पैशात वस्तीत अभ्यासिका झाली असती," असं आमचेच कार्यकर्ते म्हणाले. प्रश्न रास्त आहे. युरोप फिरायला जात असू, तर त्यांचंच बरोबर आहे. तिथले शिक्षक गळती कशी थांबवतात ते पाहून आमच्या अभ्यासिकेत वापरणार असू, तरच या प्रवासाला अर्थ आहे. त्यासाठी नियोजन हवं.

बाबासाहेबांचंच बघा. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली होती. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून 5,000 रुपये कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत झाली आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. आधी कागद हातात, मग पैसा, मग बोट. आम्ही नेमकं उलटं केलं.

आता आम्ही काय करतोय, ते तुमच्याही कामाला येईल म्हणून लिहितो.

पहिलं पत्र शाळेला. वर्ग कुठं भरतात, आम्ही कधी आलो तर अडचण होणार नाही, हे त्यांनाच विचारायचं. आम्ही येता एप्रिल धरलाय, पण ईस्टरची सुट्टी टाळून.

दुसरं, नाव. आमच्यातल्या एकाच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरं. आपल्याकडं आडनावं का बदलावी लागतात हे आपल्याला ठाऊक आहे, खिडकीपलीकडच्या माणसाला नाही. पासपोर्टच्या आधी हे दुरुस्त करा. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट किमान तीन महिने चालू हवा.

तिसरं, पैशाचा पुरावा. शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, म्हणजे नऊ हजारांच्या वर. शिवाय 30,000 युरोचं विमा संरक्षण लागतं. पण खरी अडचण फी नाही. बँक स्टेटमेंट, पगाराची स्लिप, आयटीआर मागतात. रोखीनं पगार घेणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या पोरानं हे आणायचं कुठून? व्यवस्थेनं जे आपल्याला दिलंच नाही, त्याचाच पुरावा मागितला जातो. म्हणून वर्षभर आधी तयारी करा. कमाई खात्यात घ्या, उत्पन्न कमी असलं तरी आयटीआर भरा. उसने पैसे आदल्या आठवड्यात खात्यात भरू नका, त्यानं संशयच वाढतो.

चौथं, अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला कधी 45 दिवसही लागतात. मुक्काम जास्त ज्या देशात, अर्ज त्याच देशाकडं.

पाचवं, वाट. बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून मिश्कोल्त्सला रेल्वेनं दोन-अडीच तास, पुढं गावाकडं बस. तिथं युरो नाही, फोरिंट चालतो.

आणि शेवटचं. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आपल्या वस्तीत कॅमेरे घेऊन येणारे आपल्याला कसे वाटतात, ते आठवा.

सोबत काय न्यायचं? 1848 साली सावित्रीमाई आणि जोतीराव फुल्यांनी याच पुण्यात, भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती गोष्ट. येताना तिथल्या शिक्षकांच्या अनुभवाची वही आणायची.

बुडालेले 21,000 मी दरमहा थोडे थोडे विहाराच्या खात्यात भरतोय. मावशींना शाळेचं वेळापत्रक मराठीत लिहून दिलंय. त्यांनी ते त्यांच्या नातीकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आता जा."

जय भीम!