वेलांटीची जागा

आम्ही पोटासाठी संगणकावर जीवशास्त्र करतो. हे वाक्य हदगावात उच्चारले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे नेमके काय?" सूक्ष्मदर्शक नाही, बेडूक नाही, पांढरा कोटही नाही. आमचे उत्तर आता पाठ झाले आहे. सजीवाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेली एक फार लांब पोथी असते. तिच्या निरनिराळ्या प्रती जुळवायच्या, पाठभेद टिपायचे आणि कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली असावी याचा अंदाज बांधायचा. मराठीच्या अध्यापकांना हे चटकन उमगते, कारण तेही हेच करतात. फक्त त्यांच्या पोथ्यांना कसर लागते.

मागच्या उन्हाळ्यात मात्र आमच्याच व्यवसायाला लागलेली कसर आम्हांला पाहावी लागली.

हदगाव हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. येथे शाळेत आम्हांला मराठी शिकवणारे सर आता थकले आहेत, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली आहे. नोकरीच्या काळात सुट्टीच्या दिवशी सायकल काढून ते आसपासच्या खेड्यांत जात आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. प्रत्येक ओवीच्या वर बाईचे नाव, सासरचे गाव आणि माहेरचे गाव. पिठाची गिरणी आली तशी जाती अडगळीत गेली. गाणाऱ्या बायकाही एकेक करून गेल्या. 2003 साली सरांनी पदरमोड करून सगळ्या वह्या नांदेडला टंकलिखित करून घेतल्या आणि तबकडी कपाटात जपून ठेवली. वह्यांना पुढे वाळवी लागली. तबकडी आहे म्हणून सरांनी फारसे मनावर घेतले नाही.

सरांच्या मुलीने ती तबकडी आमच्या हाती दिली. सुदैवाने ती वाचता आली. फाईल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि मधूनच एखादा डॉलर अशी पानेच्या पाने उमटली.

"काय दिसतंय रे?" सरांनी विचारले. (आम्ही लेखनात कितीही 'आम्ही' असलो, तरी सरांच्या एका 'रे'ने आमचे एकवचन होते.)

"जरा अस्पष्ट आहे, सर," आम्ही म्हणालो. हे खोटे होते. अक्षरे अगदी स्पष्ट होती. फक्त ती मराठी नव्हती.

घडले होते ते असे. संगणकावर देवनागरीला स्वतःचे क्रमांक सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टंक रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेले असत. फाईलमध्ये साठवले जाई ते रोमन चिन्ह. टंक त्याला 'क'चे किंवा 'म'चे रूप देई. कोणती खुर्ची कोणाची, हे प्रत्येक टंककाराने आपापल्या सोयीने ठरवले होते. टंक गेला की अक्षर उठून जाते आणि रिकामी खुर्ची तेवढी दिसते. युनिकोड 1991 साली आले, पण तालुक्याच्या छपाईच्या दुकानांत ते झिरपायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. सरांच्या ओव्या ज्या टंकात होत्या तो आता मिळत नाही आणि त्याचा आराखडा कुणी जाहीर केलेला आम्हांला आढळला नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी वाटू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके झाकून ठेवले. त्यांना पूज्य असलेले माहूर आमच्याच जिल्ह्यात आहे. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. आमच्या टंकातही तेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीने त्या लिपीची किल्ली सर्वांना मिळाली आणि प्राचीन मराठी गद्याचे दालन उघडले. मात्र तोवर ती किल्ली पंथाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती. व्यापारी टंकाला असा पंथ नसतो. माल विकायचा थांबला की किल्ली सांभाळण्याचे कारणच संपते.

आम्हांला वाचवले ते एका अनोळखी माणसाने. त्याने दुसऱ्याच एका टंकासाठी रूपांतराची आज्ञावली लिहून खुल्या परवान्याने महाजालावर ठेवली होती. परवान्याची अट एवढीच, की हवे ते बदला, पण मूळ कर्त्याचे नाव पुसू नका. आज्ञावलीच्या मध्यावर त्याने टीप लिहिली होती: हा भाग का चालतो ते मला ठाऊक नाही; चालतो आहे तोवर हात लावू नये. आम्ही अर्थातच हात लावला, आणि तो चालेनासा झाला.

तीन रात्री जागून आम्ही एकेक चिन्ह ओळखले आणि चौथ्या दिवशी सरांना मोठ्या उत्साहाने त्यांचीच प्रस्तावना वाचून दाखवू लागलो. पहिलाच शब्द 'रिसक' असा आला. पुढे 'किवता' होती. 'गिणत'ही भेटले. कारण साधे होते. जुन्या टंकात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. ती पलीकडे नेऊन बसवायचे आम्ही विसरलो होतो, म्हणून ती शेजारच्या घरात शिरली होती. सर हसू लागले. "अरे, शुद्धलेखनाच्या वहीत तू हेच लिहायचास," ते म्हणाले.

मग आम्हीही आमच्या शास्त्राची फजिती त्यांना सांगितली. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे सप्टेंबर आणि मार्च यांच्या इंग्रजी नावांसारखी होती. एक्सेलच्या कोष्टकात ती भरली की त्यांच्या मुकाट्याने तारखा होत. अशा याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत ही चूक असल्याचे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. अखेर 2020 साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. ही आपोआपची दुरुस्ती बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये 2023 साली आली.

सर म्हणाले, "म्हणजे चुकलं यंत्र, आणि बारसं जनुकाचं!"

आमच्या क्षेत्रात विनोदाला तोटा नाही. आम्ही वापरतो त्या पायथन भाषेचे नाव सापावरून नव्हे, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून ठेवलेले आहे. ज्या जनुकावाचून फळमाशीला हृदयच होत नाही, त्याचे नाव 'टिनमॅन': ओझच्या कथेतला हृदय नसलेला पत्र्याचा माणूस. पण सरांच्या ओसरीवर बसून आम्हांला वाटले, की खुल्या आज्ञावलीतला विनोद याहून निराळा आहे. तो चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या जातीचा. चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो, म्हणून आपण त्याला हसतो आणि त्याच्यावर विश्वासही ठेवतो. 'हे का चालते ते मला ठाऊक नाही' असे लिहून ठेवणाऱ्या माणसाची चूक आम्हांला शोधता आली. बंद पेटीतल्या चुकीला कुणी हसू शकत नाही, कारण ती कुठे आहे हेच कळत नाही.

वेलांट्या जागेवर बसल्या, पण काही चिन्हे तबकडीतच हरवली होती. आम्ही वाचायचो, अडखळायचो आणि सर कानाने जागा भरायचे. यमक आणि जात्याची लय त्यांना पुढचा शब्द देई. पेशीतही असेच होते: पोथीच्या दोन माळा समोरासमोर असतात, एकीतले अक्षर खराब झाले तर दुसरीवरून ते पुन्हा लिहिता येते. सरांचा कान ही आमची दुसरी माळ होती.

एका ओवीपाशी मात्र ते थांबले. दोन अक्षरी शब्द गेला होता. आम्ही यमकात बसणारे दोन-तीन पर्याय सुचवले. एक तर चांगलाच होता. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसतो रे. पण तिनं काय म्हटलं होतं ते आठवत नाही. जागा रिकामी ठेव." शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले, हे सरांनीच आम्हांला नववीत शिकवले होते. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. आमच्या यंत्रांना आता कोणतीही रिकामी जागा झोकात भरता येते, म्हणून तो अर्थ कळणे अधिकच गरजेचे होते.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या 2017 पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर गाणारणींच्या नावांसह सर्वांसाठी खुल्या होत गेल्या. सरांचा संग्रह त्यापुढे चिमूटभर आहे. तो खुला करावा का, असे आम्ही विचारले तेव्हा सरांनी तामशाच्या बारालिंगाची आठवण काढली. आमच्याच तालुक्यातल्या या गावी संक्रांतीच्या सुमारास भाजी-भाकरीची पंगत होते. गावोगावची भाजी एकत्र शिजते, लोक भाकरी घेऊन येतात आणि सगळे एका पंगतीत जेवतात. "तिथं कुणी म्हणतं का, माझी मेथी वेगळी काढा?" सर म्हणाले. थोडे थांबून त्यांनी जोडले, "पण बायकांची नावं गाळू नको."

नावे गाळलेली नाहीत. ओव्यांबरोबर दुरुस्त आज्ञावली आणि आमच्या चुकांची यादीही ठेवली आहे. 'रिसक' तीत पहिला आहे. त्या एका ओवीत दोन अक्षरांची जागा मोकळी आहे. कुणाच्या आजीला ती येत असेल, तर कळवावे.