एका निकाहाची १०९ वर्षे

१/
१४ मार्च १९१३. केपटाऊनच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. पोर्ट एलिझाबेथ येथे स्थायिक झालेल्या एका भारतीय मुसलमानाची पत्नी, बाई मरियम, पतीकडे राहण्यासाठी आली होती. न्यायालयाने तिला ‘पत्नी’ मानण्यास नकार दिला. कारण एवढेच की, ज्या धर्माच्या रीतीने हा विवाह झाला, त्या धर्मात एकापेक्षा अधिक पत्नींना मुभा आहे. म्हणून असा विवाह या देशात विवाहच नव्हे.

२/
या एका वाक्याने दक्षिण आफ्रिकेतील हजारो हिंदू, मुस्लिम व पारशी स्त्रियांचे पत्नीपद संशयात आले. नामदार गोखले यांचा दक्षिण आफ्रिका दौरा आदल्याच वर्षी झाला होता. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि त्यांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. १९१४ च्या कायद्याने भारतीयांना काही सवलती मिळाल्या. भारतीय पाठ्यपुस्तकांतील ही कथा बहुधा येथेच संपते. केपच्या मुसलमानांची कथा मात्र याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि ती संपण्यास पुढे आणखी एक शतक लागले.

३/
१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे ठाणे वसवले. तेथे राबण्यासाठी गुलाम आणले गेले ते जावा-सुमात्राकडील बेटांतून, बंगालमधून, मलबारातून, सिंहलद्वीपातून, मादागास्करहून. त्यांच्याबरोबर आले राजकीय बंदी. मकास्सरचे शेख युसूफ १६९४ मध्ये हद्दपार होऊन आले आणि १६९९ मध्ये तेथेच वारले. कंपनीच्या राज्यात इस्लामच्या सार्वजनिक आचरणास बंदी होती. नमाज चाले, पण दार लावून.

४/
१७८० मध्ये तिदोर बेटावरील राजघराण्यातील अब्दुल्ला नावाचा एक विद्वान बंदी म्हणून केपला आला. त्याची रवानगी रॉबेन बेटावर झाली. पुढे नेल्सन मंडेला यांच्या कारावासामुळे जगाला ठाऊक झालेले बेट ते हेच. हा बंदिवान कुराण मुखोद्गत असलेला होता. त्याने ते केवळ स्मृतीच्या आधारे कागदावर उतरवले, असे परंपरा सांगते. त्याचबरोबर श्रद्धा व धर्मशास्त्र यांवर एक विस्तृत ग्रंथ १७८१ मध्ये सिद्ध केला. लोक त्याला ‘तुआन गुरू’ म्हणू लागले. ‘गुरू’ हा शब्द संस्कृतातून मलय भाषेत गेला आणि तेथून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोहोचला.

५/
सुटकेनंतर, १७९३ मध्ये, तुआन गुरूंनी डॉर्प स्ट्रीटवर मदरसा सुरू केला. तेथे गुलाम आणि मुक्त झालेले लोक एकाच जमिनीवर बसून शिकत. नाना देशांतून आलेल्या या लोकांची बोली एक उरली नव्हती. डच भाषेचे स्थानिक रूप हीच त्यांची समान भाषा झाली होती. पुढे या मदरशांतील विद्यार्थी ती अरबी लिपीत लिहू लागले. आज जिला आफ्रिकान्स म्हणतात, त्या भाषेच्या आरंभीच्या लेखनातील एक मोठा भाग असा अरबी अक्षरांत आहे. पुढील काळात जी भाषा वर्णवर्चस्वाचे निशाण झाली, तिच्या पाटीवर पहिली अक्षरे गिरवणाऱ्यांत गुलामांची मुले होती.

६/
त्याच रस्त्यावर अव्वल मशीद उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतील ही पहिली मशीद. तिचे वर्ष १७९४ सांगितले जाते. जागा होती कोरिडॉन या मुक्त गुलामाच्या कुटुंबाची. तो मूळचा सिंहलद्वीपाचा. त्याची कन्या सार्त्जी हिने ती मशिदीला दिली. सार्त्जीचा पती अहमद मूळचा बंगालचा; तो पुढे या मशिदीचा इमाम झाला. सार्त्जीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

७/
१८०४ मध्ये कमिशनर दे मिस्त यांनी सर्व धर्मांना आचरणाची मोकळीक दिली. पण उपासनेला मिळालेली मान्यता विवाहाला मिळाली नाही. गुलामांना तर कायदेशीर विवाहाचा हक्कच नव्हता. १८२३ मध्ये तो मिळाला, तोही ख्रिस्ती गुलामांपुरता. अशा काळात इमाम दोन गुलामांचा निकाह लावी, महर ठरवी, साक्षीदार बसवी. सरकारच्या लेखी त्या विधीला काडीचे मोल नव्हते. त्या दोघांच्या लेखी मात्र ते मालमत्ता नसून माणसे असल्याचा तो पुरावा होता. १८३४ च्या दास्यमुक्तीपूर्वी अनेक गुलाम इस्लामकडे का वळले, याचे एक उत्तर येथे सापडते.

८/
या समाजात मतभेदही कडाक्याचे होत. ते मिटवण्यासाठी ब्रिटिशांच्या विनंतीवरून ऑटोमन सुलतानाने अबू बक्र एफेंदी या विद्वानाला पाठवले. तो १८६३ मध्ये पोहोचला. त्याने शाळा काढली आणि अरबी लिपीतील आफ्रिकान्समध्ये धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला. तो १८७७ मध्ये इस्तंबूल येथे छापला गेला. पण एफेंदीचा कल हनफी मताकडे, तर केपची वस्ती शाफई. त्याने शेवंड खाणे निषिद्ध ठरवताच समुद्रावर जगणारे हे लोक खवळले. कोकणी वाचकाला हा संताप सहज उमगेल! कोकणी मुसलमानही शाफईच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातून जे मुसलमान केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले, त्यांना तेथे धर्मशास्त्र तरी ओळखीचे भेटले.

९/
१८८२ च्या देवीच्या साथीनंतर सरकारने शहरातील दफनभूमी बंद करण्याचे ठरवले. त्यात ताना बारू ही मुसलमानांची दफनभूमीही होती. तुआन गुरू तेथेच विसावले होते. केपचे मुसलमान आपले मृत खांद्यावरून नेत. दूरची जागा म्हणजे रीतच मोडणे. १७ जानेवारी १८८६ रोजी सुमारे तीन हजार लोकांनी बंदी धुडकावून एका बालकाचे तेथे दफन केले. दंगल उसळली. नेते अब्दोल बर्न्स यांना तुरुंगवास झाला. दफनभूमी पुन्हा खुली झाली नाही.

१०/
आता पुन्हा १९१३. ज्या वर्षी सर्ल यांचा निकाल आला, त्याच वर्षी केपटाऊनमध्ये रहमानिया शाळा निघाली. मुक्त गुलामांचे नातू आणि ग्लासगोहून वैद्यक शिकून आलेले डॉ. अब्दुल्ला अब्दुररहमान हे तिचे प्रवर्तक. मुसलमान मुलांनी कुराणाबरोबर गणित आणि इंग्रजीही शिकावे, हा त्यांचा आग्रह. एका वर्षात दोन घटना: राज्याने समाजाचे विवाह नाकारले, समाजाने आपली मुले नव्या शिक्षणाकडे धाडली.

११/
१९४५ मध्ये केपमधील उलेमांनी ‘मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिल’ स्थापिली. नावात न्याय आहे, पण हाती दंडशक्ती नाही. छळ सोसणाऱ्या स्त्रीचा निकाह उलेमा ‘फस्ख’ करून मोडू शकत. तिला घर वा पोटगी मिळवून देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. तो होता सरकारी न्यायालयांकडे. १९८३ मध्ये एका स्त्रीने पोटगी, महर आणि आपले दागिने मागितले, तेव्हा देशाच्या अपील न्यायालयाने पुन्हा सांगितले की हा विवाह सार्वजनिक नीतीला धरून नाही. ज्या राज्याने माणसांची वर्णावरून विभागणी केली होती, त्याने हा नीतीचा दाखला द्यावा!

१२/
वर्णभेद संपल्यावर भिंत एकेक वीट ढासळू लागली. १९९७ मध्ये निकाह हा करार म्हणून ग्राह्य ठरला. २००४ चे प्रकरण एका विधवेचे. नगरपालिकेच्या घराची मूळ भाडेकरू तीच. विवाहानंतर नोंद पतीच्या नावे झाली. पती मृत्युपत्र न करता वारला आणि कायदा म्हणाला, तू त्याची विधवा नव्हेस. घटनापीठाने तिला विधवा मानले. २००९ मध्ये हाच न्याय बहुपत्नीक विवाहातील स्त्रियांना मिळाला.

१३/
संसदेचा कायदा तरीही आला नाही. विधी आयोगाचा अहवाल २००३ चा, विधेयकाचा मसुदा २०१० चा. काही उलेमांचे म्हणणे असे की, धर्मनिरपेक्ष संसदेने शरीअतचे शब्द लिहू नयेत. उलट काही स्त्रियांना भीती होती की विषमताच कायद्यात कोरली जाईल. दोन्ही शंका पोकळ नव्हत्या. पण वाद चालू असताना ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर जात होते, त्या स्त्रियाच होत्या. २०१४ मध्ये शंभराहून अधिक इमामांना विवाह नोंदवण्याचा सरकारी अधिकार मिळाला. जुने निकाह मात्र तसेच लोंबकळत राहिले.

१४/
२८ जून २०२२. घटना न्यायालयाने एकमताने निर्णय दिला: मुस्लिम विवाहांना न मानणारे आणि घटस्फोटाच्या वेळी त्यातील स्त्रिया व मुले यांना वाऱ्यावर सोडणारे कायदे घटनाबाह्य आहेत. २०२४ मध्ये घटस्फोट कायद्यात तशी दुरुस्ती झाली. २०२२ चा निर्णय आला तेव्हा सर्ल यांच्या निकालापासून १०९ वर्षे लोटली होती.

१५/
केपच्या मुसलमानांनी कारागृहात ग्रंथ लिहिला, बंदीत मदरसा चालवला, गुलामीत निकाह लावले. राज्याच्या मान्यतेवाचून समाज टिकू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. पण त्या टिकण्याचे मोल समाजातील प्रत्येकाने सारखे दिले नाही. आज डॉर्प स्ट्रीटवर जाणारा प्रवासी अव्वल मशिदीत तुआन गुरूंचे हस्तलिखित पाहतो. त्या मशिदीची जमीन एका स्त्रीने दिली होती. तिच्या लेकी-सुनांना पतीच्या घरावर हक्क सांगण्यासाठी २००४ उजाडावे लागले.

लेखनसीमा.